रतन ऊर्फ सारजा

एक्कावन्न सालची शिरगणती मार्चच्या सुरुवातीला आटोपली आणि गणती करणारे मास्तर आणि तलाठी मोकळे झाले. अडकलो ते आम्ही कचेरीतले कारकून. पुण्याहून हुकूम आला की गणती बरोबर झाली की नाही, ते आता तपासा. ठरवून दिलेली घरं पुन्हा गाठायची, तेच प्रश्न पुन्हा विचारायचे आणि पहिल्या वेळी कुठे घोळ झाला ते शोधून काढायचं. बारामती तालुक्यातल्या काही गावांचं हे काम मामलेदारांनी माझ्या गळ्यात घातलं. "भाऊसाहेब, तुम्ही जन्माचे संशयी. तुम्हालाच हे जमेल," असं म्हणाले. चारचौघांत म्हणाले, तेव्हा मी ते कौतुक समजून घेतलं.

खरं तर लोक माझ्याहून संशयी निघाले. सांगवीत एका घरी गेल्या साली वारलेली चुलती अजून जिवंत होती, कारण रेशनकार्डावर ती होती. दुसऱ्या घरी दोन धडधाकट पोरं ज्वारीच्या कणगीमागे दडवलेली, सरकार पलटणीत धाडील म्हणून. मी प्रत्येक उंबऱ्यावर तीच टकळी चालवत होतो की बाबांनो, तुम्ही सांगाल ते कायद्याने गुप्त आहे, फौजदार आला तरी त्याला हे कागद दाखवता येत नाहीत. ते माना डोलवायचे, पाणी द्यायचे आणि खोटं सांगायचे.

पणदऱ्याला सावळाराम बनकरांचं घर माझ्या यादीत होतं. माळ्याचं घर, पाटाखालचं बागाईत, वांगी आणि कांदा बारामतीच्या बाजाराला जायचा. मास्तरांनी त्या घरात सहा माणसं लिहिली होती, पण माझ्यासमोर पाचच होती. सावळाराम, त्यांची बायको द्वारकाबाई, मुलगा, सून आणि लग्नाची धाकटी मुलगी. सहावी रतन कोण आणि कुठे, असं विचारल्यावर सावळाराम हसले. मास्तरांनी विचारलं होतं, लेकरं किती? त्यांनी सांगितलं, तीन. मास्तरांनी तिन्ही लिहून टाकली. पण रतन थोरली, इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याला दिलेली, तिला नांदायला जाऊन सहा वर्षं झाली होती.

असली चूक मला पाठ झाली होती. लेक दिली तरी बापाच्या तोंडून हिशेबात येतेच, आणि मग ती माहेरीही लागते आणि सासरीही. देशाची लोकसंख्या अशा लाडक्या लेकींनी फुगते. एका ठिकाणी नाव काढून टाकायचं, एवढंच काम. त्यासाठी सासरचा तपशील हवा म्हणून मी विचारत गेलो. सासरा अप्पा राऊत, सासू रंगूबाई, नवरा जयवंता. लग्नात तांदळात नाव लिहून तिकडे तिचं नाव सारजा ठेवलं होतं. वय बावीस-तेवीस. मूलबाळ नाही.

मूलबाळाचं सांगताना सावळारामांचा आवाज उतरला. मी सहज विचारलं की लेक इतक्यात कधी भेटली. द्वारकाबाई पदर सारखा करू लागल्या. गेल्या दिवाळीला तिचा भाऊ आणायला गेला होता, पण उसाची लागण चालू आहे, आता धाडत नाही, असं सांगून त्याला परत पाठवलं. तिला भेटला का? नाही, ती मळ्यात गेली होती म्हणे. मग तुम्ही स्वतः का गेला नाहीत, असं विचारल्यावर सावळाराम माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मीच परमुलखातून आलोय. लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. जाऊन काय उपाशी बसायचं आणि त्यांची बोलणी ऐकायची? जाणाऱ्या-येणाऱ्याकडून निरोप मिळत होता की बरी हाय, आणि त्यावर त्यांचं भागत होतं.

माझं भागलं नाही. निरोप कोण देतं, ते मी विचारलं. तर अंथुर्ण्याचेच लोक, म्हणजे अप्पा राऊतांचे भाऊबंद. बायकोही माझ्या या खोडीला वैतागलेली आहे, पण काय करणार, मला दुसऱ्याने सांगितलेलं 'बरं आहे' कधी पटत नाही.

बारामतीच्या कचेरीत तेव्हा टेलिफोन येऊन फार दिवस झाले नव्हते. मामलेदार त्याला स्वतःच्या सोवळ्यासारखा जपत. पण तपासणीचं काम लवकर हवं होतं, तेव्हा दोन तालुक्यांतली माणसं ताडून बघायला मला तो वापरायची परवानगी मिळाली. इंदापूरच्या कचेरीत माझंच काम करणारे मोहनराव होते. सुस्वभावी, अंगाने भारी, आणि कशालाही 'चालायचंच' म्हणणारे. फोनवर आम्ही इतके ओरडत असू की अंगणातले पक्षकार उठून खिडकीशी येत.

मी त्यांना म्हटलं, अंथुर्ण्याच्या अप्पा राऊतांकडे सून लागली आहे का ते बघा. लागली असेल तर पणदऱ्याची काढून टाकतो. थोड्या वेळाने मोहनरावांनी कागद वाचून दाखवला. सारजा, जयवंताची बायको, वय सोळा, जन्म फलटणकडचा.

मी त्यांना परत वाचायला लावलं. त्यांनी वाचलं. वय सोळा, जन्म फलटणकडचा.

मोहनराव म्हणाले, चालायचंच, गणती करणारा घाईत असेल. वयाचं मलाही काही वाटलं नव्हतं. आमच्याकडे स्वतःचं वय कुणाला येत नाही, सहा वर्षं इकडची तिकडे सहज होतात. पण जन्मगाव कुणाचं चुकत नाही. पणदऱ्यात जन्मलेली मुलगी फलटणचं नाव कशाला घेईल? मी विचारलं की उत्तरं कुणी दिली होती. मोहनरावांनी गणती करणाऱ्या मास्तरांना गाठून दुसऱ्या दिवशी कळवलं. घरात मोठं कुणी नव्हतं, सून एकटीच होती, तिने ओसरीवरूनच सांगितलं. मग सासू आली आणि तिने सुनेला आत पिटाळलं.

रतन सहा वर्षांपूर्वी त्या घरात गेली होती, आज ती बावीस-तेवीसची असायला हवी होती, आणि तिच्या नावाने तिथे सोळा वर्षांची कुणी दुसरीच होती. आमच्या भागात सून दिसेनाशी झाली की लोक आधी विहिरीत गळ टाकतात, आणि माझ्याही डोळ्यापुढे विहीरच आली. मोहनरावही आता 'चालायचंच' म्हणाले नाहीत. ते म्हणाले की दुसरी बायको करायला चार-पाच वर्षांपूर्वी कायद्याने बंदी आली आहे. मूल होत नाही म्हणून दुसरी आणली असेल, आणि कागदावर एकच दिसावी म्हणून पहिलीचं नाव दुसरीला लावलं असेल. मी विचारलं, मग पहिली कुठे आहे?

आता माझी पंचाईत झाली. फौजदाराकडे जावं, तर जे मला कळलं होतं ते गणतीच्या कागदातून, आणि ते बाहेर सांगायला कायद्याने मनाई. दोन महिने गावोगाव ज्या गुप्ततेच्या आणाभाका मी घेत होतो, त्या माझ्याच गळ्यात आल्या. सावळारामांना सांगावं, तर तेही चालत नव्हतं. मोहनरावांनी अंथुर्ण्याला जाऊन बघावं, तर त्यांनी रतनला कधी पाहिलेलं नाही, समोर जी उभी करतील तीच रतन. तिला ओळखणारी माणसं पणदऱ्याला होती, आणि ती त्या घरी जायला तयार नव्हती.

शेवटी मी टेलिफोनवरच डाव टाकला. तपासणीसाठी कुणालाही प्रश्न विचारायचा अधिकार मला होता, आणि ते प्रश्न तारेवरून विचारू नयेत असं हुकुमात कुठे लिहिलेलं नव्हतं. सावळाराम आणि द्वारकाबाईंना मी बारामतीला बोलावलं. रतनचं नाव दोन ठिकाणी लागलंय, कुठलं ठेवायचं ते तिच्याच तोंडून नक्की करायचं, एवढंच सांगितलं. तिकडे मोहनरावांनी अप्पा राऊतांना सुनेसह इंदापूरला यायला सांगितलं. पणदऱ्याची माणसं फोनवर असतील हे मात्र सांगितलं नाही. मी मोहनरावांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. सून बोलत असताना खोलीत सासू-सासरा नको. सरकारी नियम आहे म्हणावं, एका वेळी एकच माणूस. असा काही नियम नाही, तो मी जागेवर केला.

ठरल्या दिवशी द्वारकाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या. लेकीचा आवाज तारेतून ऐकायला मिळणार, म्हणून वाटेत त्यांनी चार जणींना सांगितलंही होतं. सावळाराम फोनपासून जरा लांब उभे राहिले, कारण त्याला हात लावला की धक्का बसतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मला दोघांकडे बघवत नव्हतं. मला जे वाटत होतं ते खरं असेल, तर आज मी यांना त्यांच्या लेकीचं मरण ऐकवणार होतो.

मोहनराव फोनवर आले. अप्पा आणि रंगूबाई बाहेर बाकावर बसले आहेत, जयवंता आजारी म्हणून आलाच नाही, सून आत आहे, असं त्यांनी सांगितलं. मग एक बारीक आवाज आला. मी नाव विचारलं. सारजा. माहेर? पणदरं. बापाचं नाव? सावळाराम. आईचं? द्वारका. सगळी उत्तरं माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत येत होती. शाळा तपासायला साहेब येणार म्हणून पोरांकडून घोकून घेतात, तसं कुणीतरी घोकून घेतलं होतं.

सावळारामांना मी फोन दिला. ते ओरडून म्हणाले, बरी हायेस का? तिकडून बरी हाय असं आलं. पाऊसपाणी, गुरंढोरं विचारून झालं, व्हय व्हय अशी उत्तरं आली, आणि सावळारामांचा चेहरा खुलला. मला म्हणाले, तारेत आवाज जरा बसल्यासारखा येतो, पण रतनच हाय. त्यांना तसंच ऐकायचं होतं. बापांचा असल्या वेळी भरवसा धरू नये.

द्वारकाबाईंनी फोन उलटा धरला. मी तो सुलटा करून दिला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रतन."

तिकडून काही आलं. मला शब्द कळला नाही, पण द्वारकाबाईंचा चेहरा कळला. त्यांनी फोन कानापासून दूर केला, त्याच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"ही रतन न्हाय," त्या म्हणाल्या. "आई म्हणली मला."

सावळाराम चिडले. लेक आईला आई म्हणणार नाही तर काय म्हणणार? पण बोलता बोलता त्यांचंही तोंड मिटलं. मला काहीच उमगेना, तेव्हा द्वारकाबाईंनीच सांगितलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात चार दीर होते. सगळे वहिनी म्हणून हाक मारायचे. ते ऐकून पोरंही वहिनीच म्हणायला लागली. तिन्ही लेकरांपैकी कुणी त्यांना आजवर आई म्हटलेलं नव्हतं. ज्याने कुणी त्या मुलीकडून घोकून घेतलं होतं त्याने सगळं शिकवलं होतं, फक्त हे त्याला ठाऊक नव्हतं.

मला वाटलं आता या बाई आकांत करतील. त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला आणि त्या सोळा वर्षांच्या अनोळखी पोरीशी मऊ आवाजात बोलल्या. भिऊ नको म्हणाल्या. तुझ्यावर माझा राग नाही म्हणाल्या. तू कुणाची, तुझं नाव काय, ते विचारलं. बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी चार दिवस जिभेवर घेऊन फिरत होतो.

"माझी रतन जिती हाय का गं?"

सावळारामांनी माझ्या टेबलाची कड धरली होती. द्वारकाबाई ऐकत राहिल्या, दोनदा 'व्हय' म्हणाल्या, आणि मग फोन माझ्या हातात देऊन खाली फरशीवर बसल्या. "मळ्यात हाय म्हणती," एवढंच बोलल्या.

पुढचं मला मोहनरावांनी सांगितलं. त्या पोरीचं नाव नकोशी. घरात ओळीने मुली झाल्या म्हणून हे नाव पडलेलं, आणि तिला ज्यांनी मागणी घालून आणलं त्यांनी पहिल्याच दिवशी ते पुसून सारजा केलं. सारजा हाक आली की ओ द्यायची, दुसरं काही सांगायचं नाही. पहिली सून मळ्यातल्या खोपीत राहते. गुरं, भाजी, पाणी सगळं तीच बघते. घरी येत नाही, तिला येऊ देत नाहीत. पोर रडत म्हणाली होती, "त्यांचं नाव मला दिलं. त्यांना आता कुणी नावानं हाकच मारत न्हाय."

सावळाराम उठले ते थेट फौजदाराकडे जायला. मी अडवलं नाही. त्यांनी जे स्वतःच्या कानाने ऐकलं होतं ते ते कुणालाही सांगू शकत होते, माझी जीभ बांधलेली होती, त्यांची नव्हती. पण द्वारकाबाई म्हणाल्या, आधी पोर बघू, फौजदार मागनं. दुपारच्या एसटीने आम्ही निघालो. मला दुसऱ्या तालुक्यात काही काम नव्हतं. मामलेदारांना मी सांगितलं की गणतीत एक माणूस सुटलंय, लिहायला जातोय, आणि यात खोटं काही नव्हतं.

एसटीत द्वारकाबाई माझ्या पुढच्या बाकावर होत्या. वाटेत त्या मागे न वळता बोलू लागल्या, मला की स्वतःला ते कळत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी रतन एकटी चालत घरी आली होती. तिकडे दुसरी बघायचं चाललंय, मला ठेवून घ्या, म्हणाली होती. त्यांनी तिला न्हाऊ घातलं, गोडधोड केलं आणि भावाबरोबर परत धाडलं. धाकटीचं लग्न व्हायचं होतं, थोरली घरात येऊन बसली तर धाकटीला कोण विचारणार? सावळाराम खिडकीबाहेर बघत होते. मनात मी राऊतांना जेवढ्या शिव्या घातल्या होत्या, त्यातल्या निम्म्या आता या दोघांच्या वाट्याला आल्या. अप्पा राऊत सरळ सरळ लबाड होता. हे दोघे लेकीवर जीव असणारे होते आणि तरीही त्यांनी तिला त्याच घरी नेऊन सोडली होती. मला ते जास्त लागलं.

मोहनराव राऊतांच्या आधी अंथुर्ण्याला पोचले होते. आपल्या भारी अंगाने ते मळ्याच्या वाटेवर आडवे उभे होते, कुणी आधी जाऊन काही लपवू नये म्हणून. एवढा संशय त्यांना माझ्याकडून लागला असावा.

खोप पाटाच्या कडेला होती. उसाच्या पाचटाने शाकारलेली, पुढे तीन दगडांची चूल, चुलीवर तवा. एक बाई भाकरी थापत होती. आम्हाला बघून ती उठली नाही. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मग हात पुसून उभी राहिली. अंगाने वाळलेली, पण नजर सरळ होती. आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि माझ्या हातातल्या कागदांकडे बघत राहिली. कोणीच कुणाच्या गळ्यात पडलं नाही.

सावळारामांना बोलता येईना आणि द्वारकाबाईंचा हुंदका आवरेना. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी माझं काम सुरू केलं. मी शिरगणतीचा माणूस आहे, तुमचं नाव लिहायचं राहिलंय, असं सांगितलं. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. मी कुणाच्या बाजूचा हे ती अजमावत होती.

"कुणी धाडलं तुमाला?" तिने विचारलं.

मी म्हटलं, कुणी नाही. तुम्ही हिशेबात लागत नव्हता, म्हणून शोधत आलो. गणतीच्या दिवशी तुम्ही कुठे होता? ती म्हणाली, हितंच. जेवण कुठलं? चुलीकडे बोट केलं. घरून काही येतं का? पीठ येतं, दुसरं काही नाही. आता नियम असा, आणि हा नियम खरोखरीचा आहे, की एका चुलीवर जेवतील ते एक घर. तिची चूल वेगळी होती. म्हणजे ती ना राऊतांच्या घरातली, ना बनकरांच्या. मी चुलीशेजारच्या दगडावर बसलो आणि तिचं वेगळं घर लिहिलं. घरात माणूस एक. घराची प्रमुख, नाव काय?

त्या घरात तिचं नाव दुसरीला दिलं होतं, हे तिला माहीत होतं.

"रतन लिवा," ती म्हणाली. "ऊर्फ-बिर्फ काय लावू नगा."

मी लिहिलं. शाई वाळेपर्यंत ती कागदाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, तरी बोट न लावता ती ओळीवरून नजर फिरवत राहिली.

मग द्वारकाबाई पुढे झाल्या. लेकीच्या दंडाला धरून म्हणाल्या, चल घरी.

"किती दिसांसाठी?" रतनने विचारलं.

त्यात राग नव्हता. बाजारात भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं, आणि तेच ऐकवेना. सावळारामांनी खाकरून सुरुवात केली, धाकटीचं यंदा जमतंय, एकदा ते झालं की मग... मोहनराव उसाकडे तोंड करून उभे राहिले. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

द्वारकाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. बोलल्या मात्र लेकीशी.

"ह्या बारीला तुला मागारी धाडायची झाली, तर मला संगट धाडावं लागंल. धाकटीचं लगीन मोडलं तरी मोडू दे."

सावळाराम काही म्हणाले नाहीत. होही म्हणाले नाहीत, हे मी लक्षात घेतलं, आणि रतननेही घेतलं. ती बापाच्या तोंडाकडे बघत थांबली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी तिने ती उतरवली, मोडून चार तुकडे केले आणि आमच्यापुढे धरले. द्वारकाबाईंनी पहिला तुकडा घेतला. सावळारामांनी हात पुढे केला, मागे घेतला, आणि मग घेतला.

तिचं सामान फार नव्हतं. एक लुगडं, एक गोधडी, एक पितळी. ते तिने गाठोड्यात बांधलं. चुलीवर पाणी मारलं. मग तवा उचलला आणि फडक्यात गुंडाळायला लागली.

"तवा कशाला गं," द्वारकाबाई म्हणाल्या. "घरी हाय की."

"असू दे," रतन म्हणाली.

सावळारामांनी गाठोडं मागितलं, ते तिने दिलं. तवा मात्र दिला नाही. तो अजून गरम होता, फडक्यातून हाताला चटके बसत असणार. या हातातून त्या हातात घेत ती आमच्या मागोमाग बांधावरून चालू लागली.